तांड्यावरची जमनी

१३ नोव्हेंबर २००६
चार महिने पाळी नाही. प्रेग्नन्सी कार्ड तीनदा निगेटिव्ह. लॉटच खराब. मी स्वतः लॅब टेक्निशियन, मला नाही कळणार तर कोणाला? नवऱ्याला, नंदकिशोरला, पुसदला फोन करून गोड बातमी कळवून टाकली. लगेच म्हणाला, शनिवारी येतो. दोन महिन्यांनी!

१५ नोव्हेंबर
तरी एकदा तपासावं. पण स्वतःच्या नावानं? दिग्रसमध्ये दुपारची गोष्ट संध्याकाळी बाजारात असते. स्वतःच रक्त काढलं, नळीवर लिहिलं: जमनी, वय ३१, तांडा. हार्मोन्सची नळी नागपूरला. सीआरपी इथंच केली. काचेवर लगेच दाणे दिसले, म्हणजे अंगात सूज. लोडशेडिंगनं फ्रीज आठ तास बंद होता. किट बिघडलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार
आला नाही. खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग आहे, प्रत ठरवणारा ग्रेडर तोच, काय करणार. दोघांची भाजी मीच दोनदा खाल्ली. पण आता रोज फोन करून राहिला. आधी आठवड्यातून एक यायचा. काय बिघडलं मग?

२४ नोव्हेंबर
रिपोर्ट आले. टेस्टोस्टेरॉन वाढलेलं, एलएच एफएसएचच्या तिप्पट. लॅबचे डॉक्टर म्हणाले, जमनीला पीसीओएस आहे, म्हणून पाळी येत नाही, सूजही आहे. बोलवा तिला. औषधं, चालणं, वजन कमी. पुढे मूलही होऊ शकतं. मी म्हटलं, कापूस वेचायला गेली आहे. बिचारी. कोणीतरी समजवायला हवं तिला.
उद्यापासून पहाटे चालणार. गरोदरपणात चांगलं असतं.

२५ नोव्हेंबर
थंडी. सोमवारपासून.

२८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी आमच्या झाडूवाल्या रुपीबाईला तिच्या तांड्यावर जमनीला शोधायला सांगितलं होतं. ती म्हणाली, आमच्याकडं एकच जमनी हाये, सत्तर वर्षांची. मग माझ्या कोपराजवळचा फिकट होत आलेला निळा डाग पाहून म्हणाली, सुनीतीताई, एकटीनं कायले टोचून घेतलं, मले सांगितलं असतं तर हात धरला असता. मी म्हटलं, खिडक्या पुसायच्या राहिल्यात.


२ डिसेंबर, शनिवार
नंदकिशोर सकाळच्या एसटीनं आला. डॉक्टरांना भेटायचंच म्हणाला, बाळाचं विचारायचं होतं. लॅबच्या बाकावर नीट भांग पाडून बसला. मी आत जाऊन टेबलावर जमनीची फाइल ठेवली. म्हटलं, ही आली आहे, नवरा बाहेर बसलाय. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्याला आत बोलावून सगळं समजावलं. उपचार आहेत, हेही दोनदा सांगितलं.
तो म्हणाला, आईले आता काय सांगू? मला काहीच विचारलं नाही.
साडेतीनच्या गाडीनं परत गेला. केंद्रावर गर्दी असणार.