बंडीचा डावा खिसा

रेल्वे क्वार्टर्स, दौंड
९ मार्च १९७५

आदरणीय आबा,

दौंडहून तुमच्या जावयाचा जय भीम, आणि या खेपेला दोन्ही हात जोडून. (हात जोडलेले ठेवून लिहिता येत नाही, म्हणून आधी जोडले आणि मग पेन उचललं. शेजारच्या साखरबाई साक्षीला आहेत. त्यांनी खिडकीतून पाहिलं, "आता भिंतीलाच हात जोडाया लागला" म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.) तुमचा गुडघा कसा आहे? आईंचा खोकला गेला का? शेळी व्याली असेल तर काय झालं ते कळवावं. पाकिटातून खाकी कापडाचा एक चौकोनी तुकडा पडला असेल, तो चिंधी समजून चुलीत घालू नये, त्याचा खुलासा पुढे येतो. तुमच्या चष्म्याची काडी अजून दुरुस्त झाली नसणार, तेव्हा हे पत्र तुम्हाला ललिताच वाचून दाखवत असेल असं धरून चाललो आहे. तिला मधली वाक्यं गाळायची सवय आहे. (ललिता, गाळू नकोस.)

तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी तुम्ही शिरूरहून एस.टी.नं आलात. डोक्यावर वांग्यांची पाटी, काखेत कोंबडी, आणि स्टँडपासून चालत. मी तुम्हाला हात जोडले नाहीत. डावा हात खिशात ठेवून तसाच उभा राहिलो, उजव्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तुमच्याकडे रोखला आणि म्हणालो, "तिथंच उभे राहा, कशाला हात लावू नका." तुम्ही पाटी उंबऱ्यात ठेवलीत, कोंबडी पाटीवर ठेवलीत आणि म्हणालात, "लई मोटा साहेब झालास चांगदेवा. सासऱ्यापुढं खिशातला हात भाईर काढाया बी जड झाला व्हय?" मग नळावरून येणाऱ्या ललिताला वाटेत गाठलंत आणि तिला घेऊन परतीच्या गाडीत बसलात. हे सगळं मला कबूल आहे. फक्त तो हात खिशात का होता, एवढं सांगायची परवानगी असावी. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. (फार नाही. दोन वर्षं.)

तुम्हाला ठाऊकच आहे की मी तारघरात आहे. दिवसभर कट्ट कडकट्ट करून लोकांचे निरोप पाठवायचे, वॅगन अडकली, माल उतरवा, काका वारले, लवकर निघा. दहा वर्षांत माझ्या बोटांनी हजारो माणसांशी बोलणं केलं, पण त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. अशात सोपानराव भेटले. लष्करात वायरलेसवर हवालदार होते, आता स्टेशनासमोर रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी सांगितलं की दिल्लीला अर्ज करून, परीक्षा देऊन परवाना मिळतो आणि मग घरात यंत्र मांडून जगातल्या कुठल्याही परवानावाल्याशी हवेतून बोलता येतं. पैसे मिळत नाहीत, द्यावेही लागत नाहीत. मी विचारलं, मग बोलायचं काय? ते म्हणाले, "तुजा आवाज कसा येतो, ते त्यो सांगनार. त्याचा कसा येतो, ते तू." आबा, इतकं निर्मळ बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. परवाना यायला चौदा महिने लागले. तो आला त्या दिवशी ललितानं शिरा केला होता. (ललिता, हे मोठ्यानं वाच.)

पण माझं यंत्र पडलं लहान. त्याचा आवाज याच तालुक्यातल्या कासुर्डीपर्यंत धड जाईना. सोपानराव म्हणाले, जोर वाढवायला मागे अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे, आणि तो विकत मिळत नाही, करावा लागतो. मग पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करानं मोडीत काढलेल्या सामानातून ८०७ नंबरचा व्हॉल्व्ह शोधून आणला. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बाटली, आत तारा, डोक्यावर पितळी टोपी. ट्रान्सफॉर्मर एका बंद पडलेल्या तंबू सिनेमातून मिळाला. हे सगळं बसवायला पत्र्याचा सांगाडा लागतो, त्यासाठी मी घरातली परात घेतली आणि तिला सात भोकं पाडली. तारेचं वेटोळं गुंडाळायला गोल, गुळगुळीत, सरळ वस्तू लागते. घरात तशी वस्तू एकच होती, लाटणं. (लाटणं मी परत देणारच होतो, पण वेटोळं त्यावर फार सुरेख बसलं. ललिता, हे गाळलंस तरी चालेल.) यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा व्हॉल्व्हच्या पोटात जांभळा उजेड पडला. ट्यूबलाइटची नळी नुसती हातात धरून एरियलच्या तारेजवळ नेली, तर कुठंही न जोडता ती भक्कन पेटली. मी ती नळी घेऊन अंगणात नाचलो. ललिता तोंडाला पदर लावून हसत होती, आणि परातीचा विषय तिनं त्या दिवशी काढला नाही.

आता खिसा. या व्हॉल्व्हच्या टोपीवर सहाशे व्होल्ट असतात. तेवढी वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाली तर वाटेत काळीज लागतं. म्हणून चालू यंत्रात बोटं घालायची तर डावा हात खिशात ठेवायचा, हा या धंद्यातला पहिला नियम. सोपानराव तो असा शिकवतात: "डावा खिशात. घर पडलं तरी खिशात. बायकू पडली तरी आदी स्विच बंद, मग हात भाईर." माझी अडचण अशी की घरी मी लेंगा आणि बंडीवर असतो, आणि लेंग्याला खिसा उजवीकडे. तेव्हा सोपानरावांच्या जुन्या मिलिटरी शर्टाचं कापड घेऊन ललितानं माझ्या बंडीला डावीकडे खिसा शिवून दिला. चांगला खोल, दुहेरी टाक्यांचा, कारण तिला माझी खात्री नव्हती. महिनाभरात मला इतकी सवय झाली की स्क्रू-ड्रायव्हर दिसला की डावा हात आपोआप खिशात जायचा. तारघरातही गेला. तिथं खिसा नव्हता, तो नुसताच बरगडीवरून घसरत राहिला.

या काळात साखरबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव आमच्या क्वार्टरसमोर, लाउडस्पीकर आमच्या एरियलखाली. मी मुद्दाम लग्नाला न जाता घरात बसलो, कारण त्या दिवशी हवा फार छान मोकळी होती. अर्धा तास इंग्रजीतून हाका मारल्या, कुणी उत्तर देईना. शेवटी वैतागून मराठीत म्हणालो, "अहो, ऐकणारं कुणी आहे का? असाल तर बोला की. गप्प का बसलात?" आबा, दणकट यंत्र शेजारी असलं की लाउडस्पीकरच्या तारा त्याचा आवाज उचलतात, हे मला नंतर कळलं. तिकडे मंगलाष्टकं संपत आली होती आणि अंतरपाट खाली घ्यायचा होता. तेवढ्यात मांडवाच्या चारी कर्ण्यांतून माझा आवाज आला. भटजी थांबले. वऱ्हाडी अक्षता मुठीत धरून उभे. नवरदेवाचा मामा पुढे येऊन म्हणाला, "कोनाची काय हरकत आसंल त्यानं म्होरं येऊन सांगावं." कुणीच पुढे येईना, आणि कर्ण्यातून मी पुन्हा विचारलं, "माझा आवाज कसा येतोय ते तरी सांगा." मांडवातल्या यच्चयावत बायकांनी ललिताकडे वळून पाहिलं. ती घरी आली ती मुंडावळ्या बांधल्यासारखा कपाळावर हात आडवा धरूनच. "आवाज फार चांगला येतोय," एवढंच म्हणाली, आणि चार दिवस दुसरं काही बोलली नाही.

साखरबाईंनी बजावलं की हे यंत्र सुधारलं नाही तर त्या परात पाटाच्या पाण्यात टाकतील. म्हणून पुढच्या रविवारी मी यंत्र उघडं केलं, चालू ठेवलं आणि आवाज कुठून गळतो ते शोधायला बसलो. डावा हात खिशात, उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, दातांत वायर, आणि टोपीपासून बोटभर अंतरावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक. तेवढ्यात दारात तुम्ही उभे. यंत्र दारापासून दोन पावलांवर, त्याची तार उंबऱ्यावरून गेलेली, आणि तुम्ही ती उचलून बाजूला करायला वाकलात. मी घाबरून ओरडलो ते वर लिहिलंच आहे. तुम्ही पाठ फिरवलीत. मी पळत येऊन पाय धरायला हवे होते, पण घर पडलं तरी आधी स्विच. तो मी बंद केला. मग खिशातून हात काढला, तुमच्या पाठीकडे बघून "आबा, जय भीम" म्हणालो आणि यंत्रावरूनच वाकून दोन्ही हात जोडायला पुढे केले. स्विच बंद झाला तरी कंडेन्सर नावाच्या डब्यात वीज काही वेळ साठून राहते, हा या धंद्यातला दुसरा नियम. तो त्या दिवशी माझ्या ध्यानात राहिला नाही.

थोडक्यात, हात मी जोडले होते. तुम्ही तेव्हा रस्त्यावर पोचला होतात. मी उडालो तो थेट वांग्यांच्या पाटीत. कोंबडी उडाली ती माझ्या जागी, यंत्रावर. तिच्या पंखानं व्हॉल्व्ह खाली पडून फुटला. शुद्धीवर आलो तेव्हा साखरबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि म्हणत होत्या, "मेला न्हाई वाटतं." त्यात थोडी निराशा होती असं मला वाटलं.

आबा, आता एक गोष्ट सरळ लिहितो. "तिथंच उभे राहा, हात लावू नका" हे मी म्हणालो तेव्हा मला फक्त सहाशे व्होल्ट दिसत होते. तुम्ही गेल्यावर वांगी गोळा करताना ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, आणि या वेळी तुमच्या कानांनी ऐकू आलं. तरुणपणी हे वाक्य तुम्ही कुणाकुणाच्या ओट्याखाली उभे राहून ऐकलंत, ते तुम्हीच आम्हाला सांगितलं आहे. पोरीला ते ऐकावं लागू नये म्हणून तुम्ही तिला शिकवलंत, आणि जावई बघताना शेत न बघता शाळेचा दाखला बघितलात. त्याच जावयाच्या दारात तुम्ही ते पुन्हा ऐकलंत. मला फार लाज वाटली, अजून वाटते. यात गंमत करायला जागा नाही, म्हणून करत नाही. मला माफ करावं.

मी वाट पाहत होतो की ललिता तुम्हाला खिशाचं कारण सांगेल. तिला सगळं माहीत होतं. पण तिनं मला एक कार्ड टाकलं, त्यावर एकच ओळ: "खिसा मी शिवला, माफी तुमची तुम्ही शिवा." म्हणून हे पत्र. अ‍ॅम्प्लिफायरचा नाद मी कायमचा सोडला आहे. त्याचा पुरावा म्हणून बंडीचा खिसा उसवून या पाकिटात घातला आहे, तोच तो खाकी तुकडा. ललिताला घाई करून पाठवू नये. तिला हवं तितकं राहू द्यावं, माझं इथं उत्तम चाललं आहे.

तुमचा, दोन्ही हात जोडून,
चांगदेव

ता.क. उत्तम चाललेलं नाही. भाकरी मला येत नाही. पोळीसाठी लाटणं मोकळं केलं, पण तारेचे वळ पोळीवर उठतात. कोंबडी परातीतून उठायला तयार नाही, रोज त्यात अंडं घालते.

ता.क. दुसरा. नाद कायमचा सोडला असं वर लिहिलं, ते मंगळवारपर्यंत खरं होतं. बुधवारी सोपानरावांनी स्वतःसाठी जपून ठेवलेला ८०७ मला दिला. अट एकच घातली, "खिसा आसंल तरच लाव."

ता.क. तिसरा. तेव्हा तो खाकी तुकडा जपून ठेवावा आणि ललिताबरोबर परत पाठवावा. मी सुईत दोरा ओवून ठेवला आहे, पण दुहेरी टाका तिलाच येतो. आबा, तुम्हीही तिच्यासोबत या, आणि उंबऱ्यात न थांबता सरळ घरात या. ती खिसा शिवून काढेपर्यंत माझे दोन्ही हात मोकळे असतील.