भंडाऱ्याचं तेल

२२ डिसेंबर, रविवार
आजपासून सासूबाई उठल्याबरोबर माझ्या हातचा चहा घेणार नाहीत! आधी चमचाभर जवसाचं तेल, वर कोमट पाणी, चहा मग केव्हातरी. चमचा भरणार रुपाली. म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीपेश भाऊजींची बायको. लग्न होऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि घर चालवायला निघाली.

ही भंडाऱ्याकडची. बापाचा लाकडी घाणा आहे, तिथून डबा आला. आमच्या वैशाखऱ्यात भात पिकतो, नाचणी, वरई पिकते. जवस कोण खातं? वास तर रंगाच्या दुकानासारखा.

२५ डिसेंबर
आळीतल्या बायका वाट्या घेऊन येतात. पोटाला चांगलं, सांध्यांना चांगलं, हृदयाला चांगलं. चटणीवर घ्या, भातावर घ्या, तापवू मात्र नका! ही मोबाईलवर वाचून दाखवते. मी मुद्दाम सगळ्यांपुढे विचारलं, मग सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या फेकून देऊ का? तर म्हणे, गोळी डॉक्टरची, ती सोडायची नाही, तेल भाकरीसंगं. हिच्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार.

२८ डिसेंबर
सासूबाईंचं पोट साफ झालं. ही बातमी पार नाक्यापर्यंत! मला ऐकवलं, ‘तू मला इतकी वरसं नुसता एरंडेल पाजलास गो.’ मी केलेलं सगळं असं पाण्यात.

३१ डिसेंबर
माझ्यासाठीही बाटली भरून ठेवली. माझ्या टाचा फुटल्यात, म्हणून. माझ्या टाचांकडे बघते!

४ जानेवारी, शनिवार
म्हशाची गुरांची जत्रा जवळ आली. त्याआधी दरवर्षी बैलगाडीला करंजाचं तेल लावायचं, ते काम माझं. करंजेल संपलं होतं. बरं झालं! टाचांसाठी दिलेली ती बाटली घेतली, पुरली नाही तेव्हा तिच्या डब्यातलं निम्मं ओतलं. जुन्या गोधडीच्या चिंध्या बुडवून गाडी पुसली, जू पुसलं. लाकूड काय चमकलं! चिंध्यांचा बोळा नेहमीप्रमाणे परसातल्या पेंढ्याच्या गंजीत खोचला. करंजेलाची चिंधी खोचली की वाळवी लागत नाही. हे सासूबाईंनीच शिकवलेलं.

रुपालीने डबा उचलून बघितला. तोंड एवढंसं झालं. ‘ताई, मागितलं असतं तर मीच दिलं असतं न.’
मागायचं? हिच्याकडे? आज झोप छान लागेल.

५ जानेवारी
गंजी जळाली. भर दुपारी. बैल सोडले म्हणून वाचले. पेंढ्याची काडीसुद्धा उरली नाही, पावसाळ्यापर्यंत त्यांना घालू काय?

परसात तेव्हा एकटी रुपाली होती, कपडे वाळत घालत होती. काल तेलावरून डिवचलेली. मी मनात काही ठेवलं नाही, सगळ्या आळीपुढे बोलले — काडी हिनेच लावली! ती म्हणाली, ‘मी कशाले मुक्या जनावराचा घास जाळीन, ताई?’ पहिली बादली तिने ओतली, हात भाजला, असं दीपेश भाऊजी सांगत होते. जो लावतो तोच आधी विझवायला धावतो, मी म्हटलं.

८ जानेवारी
पोलीस पाटील येऊन गेले. सांगायचं ते सांगितलं. घरातल्यांनी तोंडं शिवलीत. हे माझ्या बाजूने एक शब्द बोलले असते तर यांची जीभ झडली असती काय!

११ जानेवारी
गेली! बाप पहाटेच न्यायला आला होता. हाताला पट्टी बांधलेली. जाताना वाकली, मी पाय मागे घेतले. डबा ठेवून गेली. आईंचं तेल बंद करू नका, म्हणाली. ठेवते चालू! आज सकाळी सासूबाईंना आधी चहाच दिला. त्यांनी तो घेतला नाही.

१६ जानेवारी
म्हशाच्या जत्रेत बैल विकले. दावणीला उपाशी मारायचे का? हे रिकामी दावी घेऊन घरी आले, गोठ्यात बसून राहिले, जेवले नाहीत. मी रडले. त्या बयेचं कधी भलं होणार नाही.

१७ जानेवारी
भाऊजी तिला आणायला जायचं म्हणतात. मी सांगून टाकलं, ती या उंबऱ्याच्या आत आली तर मी बाहेर.

१९ जानेवारी, रविवार
डब्याच्या तळाचं तेल संपवून टाकलं. एक थेंब ठेवला नाही. दारं, चौकटी, देवाचा पाट, सगळं पुसून काढलं. गंजी तर आता नाही, म्हणून चिंध्या टोपलीत दाबून पडवीत ठेवल्या. डबा घासून पालथा घातला. संपला भंडारा!

२० जानेवारी
दुपारी पडवीत धूर. टोपलीतून. चूल सकाळीच विझलेली, घरात मी आणि सासूबाई, तिसरं माणूस नाही. बोळा उचलला तर हात पोळला. उलगडला — आत तांबडी धग. गंजीतही याच तेलाचा बोळा मीच खोचला होता, तोही असाच आपोआप तापला. काडी कुणी लावली नव्हती. कुणीच लावली नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. ‘आता धाकट्या सुनंला तू फोन करतंस, का मी करू?’

मी लावला. तिने उचलला, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, ‘ताई, आई बऱ्या हायेत न?’
मी फोन सासूबाईंच्या हातात दिला.