राणीची कोरी पुस्तकं

दि. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे मजेत. फरशांचा ट्रक तुमच्या बाजूला निघालाय, त्यातून राणीच्या गेल्या वर्षीच्या पुस्तकांची पेटी पाठवतोय. दरवर्षीप्रमाणे तुझ्या लेकीला, मुंगीला होतील. पुस्तकं अगदी नव्यासारखी आहेत, त्यामुळे दुसऱ्याचं वापरतोय असं तिला वाटायचं कारण नाही.

राणीची अभ्यासाची खोली नव्यानं करून घेतली. जमिनीला दुकानातली सगळ्यात महाग फरशी, खिडकीला दुहेरी काच. बाहेरचा आवाज म्हणून आत येत नाही. विषयाला एक असे चार मास्तर घरी येतात, चौघंही तिच्याच शाळेतले. तुला हे सांगून काय उपयोग म्हणा! तुझ्याकडे शिवणाच्या मशीनच्या खडखडाटात पोर काय वाचणार आणि तिच्या काय लक्षात राहणार?

मुंगी मोठ्या विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसणार असं कानावर आलं. स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. तिथे कुठल्या कुठल्या घरची मुलं येतात! पोरीला उगाच आशेला लावू नकोस. शाळा संपली की माझ्या दुकानात काउंटरवर बसव. घरचीच आहे, सांभाळून घेईन. काय ते कळव.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा,
भाऊ


दि. ९ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. खोलीचं वर्णन वाचून धन्य झाले. फरशी महाग असली की डोक्यात जास्त शिरतं, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याला दोघांत मिळून एकच खोली होती. गणितं मी सोडवायचे आणि तू ती सुवाच्य अक्षरात उतरवून शाबासकी मिळवायचास. पुढे दोघांना शिकवणं घरात जमेना, तेव्हा मी मशीनवर बसले आणि तू वर्गात बसलास. बसलो दोघंही, माझ्या बसण्यातून निदान गणवेश तरी निघाले.

काउंटरचं सुचवलंस, केवढं मोठं तुझं मन! आता तुला आवडेल अशी बातमी देते. मुंगी फॉर्म भरायला तयार नाही. शेवटची तारीख वीस आहे. कारण विचारलं तर तिनं राणीची पुस्तकं माझ्यापुढे मांडली. म्हणाली, बघ, एक रेघ नाही, एक कोपरा दुमडलेला नाही. राणीताईला एकदा वाचलं की येतं. माझ्या पुस्तकांच्या वर्षाअखेरीला चिंध्या होतात आणि मला प्रत्येक धडा तीनदा वाचावा लागतो. तिथे सगळ्या राणीताईसारख्याच असतील, मी ढ कशाला तोंड दाखवू?

वर्गात पहिली येणारी पोर चार वर्षं तुझ्या पेट्या उघडते आहे आणि चार वर्षं स्वतःला ढ समजते आहे. मला कळलंसुद्धा नाही. आणि तिचं खोटंही नाही, पुस्तकं खरोखरच कोरी आहेत. राणी हुशार आहे हे मी मान्य करते. ती हुशारी तुझ्याकडून आलेली नाही, एवढं मात्र छातीठोकपणे सांगते.

लोभ ठेव, जमेल तेवढा.
तुझी,
ताई


दि. १३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी जेवताना पाहुण्यांना वाचून दाखवलं. सगळं नाही, माझ्या पुस्तकांबद्दलचं तेवढंच. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मी ताट अर्धं ठेवून उठले.

आत्या, पुस्तकं कोरी आहेत कारण मी ती वाचलीच नाहीत. मास्तर उत्तरं लिहून आणतात, मी वहीत उतरवते. परीक्षेच्या आठवडाभर आधी ते दहा प्रश्न देतात आणि पेपरात नेमके तेच येतात, कारण पेपर तेच काढतात. बाबांना हे माहीत आहे की नाही, कोण जाणे. मार्कांपलीकडे त्यांनी कधी काही विचारलेलं नाही.

तुला खोटं वाटेल, म्हणून विज्ञानाचं पुस्तक काढून बघ. एक्केचाळिसाव्या पानापासून पुढची बरीच पानं कडेला जोडलेलीच आहेत, छापखान्यात कापायची राहून गेलेली. मला ते पेटी भरताना दिसलं. वर्ष संपल्यावर!

मुंगीच्या फाटक्या पुस्तकांची मी कीव करायचे. आता तिचा हेवा वाटतो. तीनदा वाचलं की आपल्याला येतं, हे तिला पक्कं माहीत आहे. मला काय येतं आणि काय येत नाही, हे मला अजून माहीत नाही. तिला फॉर्म भरायला लाव. बाबांना मात्र मी लिहिलं हे सांगू नकोस, मला त्यांची भीती वाटते.

रागावलीस तरी चालेल, पण मला टाकू नकोस.
तुझी,
राणी


दि. २१ जून

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मुंगीनं काल फॉर्म भरला. खिडकी बंद करायला आलेल्या कारकुनाला थांबवून भरला.

तुझं विज्ञानाचं पुस्तक मी तिच्यापुढे धरलं. जोडलेल्या पानांत बोट घालून ती बघतच राहिली. आधी हसली, मग भयंकर चिडली. चार वर्षं मी कोऱ्या कागदाला घाबरत होते का, असं मलाच विचारू लागली. मग माझी कात्री घेतली आणि एकेक पान कापून सुटं केलं.

हे मला कुणी सांगितलं असा संशय घेऊ नकोस. गणवेश शिवण्यात जन्म गेलाय. न उलगडलेली घडी मला हाताला कळते. या वेळी जरा उशिरा कळली, इतकंच.

तुझ्यावर रागवावं असं मनात होतं, पण राग यावा एवढाही तू मोठा नाहीस. चार मास्तर आणलेस, दुहेरी काच बसवलीस आणि पोरीला एक पान स्वतः उघडू दिलं नाहीस. तुझी गणितं सोडवून देताना मीही हेच केलं होतं, ती चूक माझी. तुला फरशा विकता आल्या म्हणून ती खपून गेली. राणीच्या बाबतीत खपणार नाही.

तिला एका शब्दानं बोललास तर गाठ माझ्याशी आहे. सुट्टीत तिला इकडे पाठव. मशीन खडखडेल, पण माझ्या कापडं बेतायच्या टेबलावर दोघी मावतील. तुझं काउंटर दुसऱ्या कुणाला दे.

बाकी पुस्तकं ठेवून घेतली, विज्ञानाचं तेवढं परत पाठवतेय. मुंगीला शाळेतून मिळेल. राणीनं ते अजून वाचायचं आहे.

लोभ असला तर राणीवर असू दे, मला पोचेल.
तुझी,
ताई

ता. क. पुस्तकाच्या पहिल्या पानावर राणीच्या नावाच्या सोनेरी लेबलाखाली मुंगीनं एक ओळ लिहिली आहे. राणीसाठी आहे, पण तूही वाचायला हरकत नाही : राणीताई, तीनदा वाचलं की येतं.