खालच्या मजल्यावर कडू घास

३ फेब्रुवारी, जानेफळ
उद्या मुलाबरोबर, प्रशांतबरोबर, दिल्लीला. हे गेल्यापासून मी घरात एकटी, म्हणून तो ऐकत नाही. किल्ली शेजारच्या कमलकडे दिली. यांना स्मशानात पोचवून आल्यावर कडू घास, म्हणजे पिठलं-भाकरी, तिनेच आणला होता. मी तोंड फिरवलं, तर म्हणाली, "बाई, दोन घास खा. नाही त मीबी उपाशीच बसतो." मग खाल्लं.

११ फेब्रु., दिल्ली
श्रीमंतांची वस्ती. प्रत्येक गल्लीला फाटक, फाटकावर पहारेकरी. दोन्हीकडे कडुनिंब, खाली पान पडू देत नाहीत. माणसं दिसत नाहीत. माळी, आणि कुत्री फिरवणारे नोकर तेवढे. प्रशांत, सूनबाई आणि नात वरच्या मजल्यावर भाड्याने. खाली घरमालक, नवरा-बायको, माझ्याच वयाचे. मुलं परदेशात. मागच्या भाडेकरूने जिन्यात चपला ठेवल्या म्हणून बाईंनी त्याला काढलं. सूनबाईने हे दोनदा सांगितलं.

१६ फेब्रु.
सकाळी खालचे साहेब वारले. दुपारी नेलं. रडणं ऐकू आलं नाही. पांढऱ्या कपड्यातले लोक मोटारींतून आले आणि लगेच गेले. मोलकरीण म्हणाली, बाई पाणीसुद्धा घेत नाहीत.
पिठलं टाकलं. प्रशांत आला. "कोणासाठी, आई?" सांगितलं.
"इथं असं कोणी कोणाच्या घरी जात नाही. करार संपून राह्यला या महिन्यात. बाईचं डोकं फिरलं त पोरीले घेऊन कुठं जाऊ मी?"
सूनबाईने गॅस बंद केला.

१७ फेब्रु.
प्रशांत ऑफिसला गेल्यावर पुन्हा पिठलं, भाकरी. खाली गेले. बाईंनीच दार उघडलं. केस विंचरलेले, साडी इस्त्रीची. तुम्हाला कोणी बोलावलं, असं हिंदीत विचारलं. माझं हिंदी शाळेत शिकवण्यापुरतं. म्हटलं, आमच्याकडे अशा घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी आणतात. त्यांनी डबा घेतला नाही, दारही लावलं नाही. पाय भरून आले तशी जिन्याच्या पायरीवर बसले, डबा मांडीवर. मग कमलचंच बोलणं हिंदीत सांगितलं. तुम्ही खाल्लं नाही तर मीही खाणार नाही.
बाईंनी डबा घेतला. दार लावलं.
पहारेकऱ्याने प्रशांतला सगळं सांगितलं. सूनबाईने ताटावर बोलावलं, मी गेले नाही. बाईंना तसं बोलून बसले आहे.

१८ फेब्रु.
सकाळीच बाईंनी प्रशांतला खाली बोलावलं. शर्टाची बटणं लावत म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं?" आणि गेला.
सूनबाईने चहा आणला. "एवढा तरी घ्या, आई." म्हटलं, त्यांनी खाल्लं का ते कळू दे. चहावर साय आली. सूनबाई दार उघडं टाकून जिन्याच्या कठड्याशी उभी. खालून कोणाचंच बोलणं ऐकू येत नाही.
आत्ता खाली डब्याचं झाकण वाजल्यासारखं वाटलं. तिनेही वळून माझ्याकडे पाहिलं.