नमुन्याचं घर

२ फेब्रु. १९८३, लातूर
तिसऱ्यांदा निबंध म्हणवून घेतला. शोभा आता कुठंच अडखळत नाही. ‘माझे घर’, दीड पान. तुळस, देव्हारा, आजीची समई. नमुना मीच लिहून दिला, बाकीच्या चौघींनाही. दहावीला हमखास येतो. आम्ही कॉलेजच्या मुलींनी वसतिगृहातल्या शाळकरी मुलींना शिकवायचं, हे आमचं आम्हीच ठरवलेलं. कॉलेजच्या सरांना विचारलं नाही. त्याचा ताठा आहेच मला.

नसीम गणित घेते. वही चाळून म्हणाली, “एकच आजी वाटायलीस काय सगळ्यांना?”

हसले.

४ फेब्रु.
नळ कोरडा. नवा जिल्हा झाला, पाट्या रंगल्या, टँकर तोच. रांगेत शोभा म्हणाली, “ताई, समई म्हंजी कशी असती?” सांगितलं, सविस्तर. का विचारतेस, हे विचारलं नाही.

६ फेब्रु., रविवार
पालक आले. शोभाचे वडील शिरूर अनंतपाळकडून, दुष्काळी कामावर खाडा करून. पायांवर खडीची धूळ. मीच म्हणाले, शोभा, वाच ना. तिनं घडाघडा म्हटलं, त्यांच्याकडं न बघता.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग मला, “लई चांगलं बोलली. पन ताई, हे घर कुनाचं?”

मी शोभाकडं बघितलं. तेच पुढं म्हणाले,

“आमच्या बापानं छप्पन साली धर्म बदलला, देव काढले घरातून. कोनाडा हाय अजून. हिची पुस्तकं असत्यात त्यात.” मग तिला, “आपल्या घराची लाज वाटती का गं?”

“ताई म्हनली, यानं मार्क पडत्यात.”

मी म्हणाले होते. ह्याच शब्दांत.

७ फेब्रु.
शोभा वर्गाला नाही. पोट दुखतं म्हणे. परीक्षा महिन्यावर.

नसीमला म्हटलं, तू आधी सांगायचंस.

“सांगितलं की. तू हसलीस.” मग, “आमच्या घरी तरी कुठली समई? मीबी शाळेत तेच लिहिलं. सर खूश.”

तीन वर्षांची मैत्रीण. आज कळलं.

संध्याकाळी शोभाच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, तो नमुना फाडून टाक.

आतून, “पाठ झालाय, ताई. आता कसा फाडू?”

८ फेब्रु.
सकाळी शोभा आली. मागं बसली. मी फळ्यावर नुसतं ‘माझे घर’ लिहिलं. चौघी लिहू लागल्या. तिनं वही उघडली, पेन वहीवर आडवा ठेवला. तास संपला तेव्हाही पेन तिथंच होता.