पुन्हा या

पोलादपूर, ४ नोव्हेंबर २०२४

ती. एस्तेरताईस,
शांतवनचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. संसार संपला, करुणाला महाडला पुरून आलो. गुडघ्यांमुळे तुला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. मी जेवतो, निजतो.

खालच्या मजल्यावरचा येसाजी मात्र आता ओळखू आला. भेटायला आला तो दाराशीच बसला. मी स्वतः चहा करून पुढे ठेवला, तर हात लावला नाही. मग एकदम उठला आणि ‘येतो’सुद्धा न म्हणता चालू लागला. पूर्वी करुणाच्या हातचा चहा प्यायचा, पण ती भीड असणार. ख्रिस्ती घरातलं त्याला चालत नव्हतं, एवढंच. मी तरी रीत सोडली नाही. जिन्यात हाक मारून, हात जोडून ‘पुन्हा या’ म्हणालो. मी शिवी हासडल्यासारखं त्याने वळून पाहिलं. तेव्हापासून त्याची जानकीबाई पिठलं-भाकरी आणते, तीही उंबऱ्याबाहेर ठेवून पळते.

आता इथे माझं कोण? घराला गिऱ्हाईक आहे. विकून तुझ्याकडे येईन म्हणतो. तुझं मत कळव.

तुझा,
शांतवन


नगर, १२ नोव्हेंबर

चि. शांतवन यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग हसले. देव क्षमा करो. अरे, आपण मिशनच्या बोर्डिंगात वाढलो, तुला कोण सांगणार? मी नर्स म्हणून गावोगाव फिरले, म्हणून मला ठाऊक. मयताच्या घरी गावचे लोक चहा घेत नाहीत आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. येतो म्हणजे पुन्हा अशाच प्रसंगाला येतो. मुकाट उठून जायचं, हाच मान. आणि तू त्याला मागून ‘पुन्हा या’ म्हणालास!

शेजाऱ्यावर प्रीती करावी, यावर तू चर्चमध्ये मंडळीपुढे तासभर बोलायचास आणि करुणा पहिल्या बाकावर डुलक्या काढायची. माझं घर तुझंच आहे. पण रागावून येऊ नकोस. आधी जिना उतर.

एस्तेर


पोलादपूर, २ डिसेंबर

ती. ताई,
सप्रेम सलाम.

जिना उतरलो. मोठ्या मनाने माफी मागणार होतो, तर येसाजीच माझी मागू लागला. आमच्या लोकांत चहा नाकारणं हा भारी अपमान, त्या रागाने मी त्याला मुद्दाम ‘पुन्हा या’ म्हणालो, असा त्याचा समज. तो समज खोटा आहे असं मला म्हणवेना. जानकीबाई तर आळीभर विचारत होती की करुणावहिनीच्या पाठोपाठ हा आता कोणाला धाडतोय. जीव मुठीत धरून ती रोज भाकरी वर आणत होती, हे मला आत्ता कळतंय.

काल येसाजी वर आला. चहा घेतला. वहिनींच्या हातची चव नाय, असं तोंडावर म्हणाला. निघताना दारात थांबून ‘येतो’ म्हणाला. मी घाबरून नुसते हात जोडले. तो हलेना. शेवटी खालून जानकीबाई ओरडली की आता तरी पुन्हा या म्हणा, नायतर हा माणूस जेवायला उतरायचा नाय.

म्हणालो.

गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणून कळवलं आहे. नगरला नाताळात येईन, पण परत जाण्यासाठी. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा,
शांतवन