न लावलेलं मलम

रुफिस्क, शुक्रवार

प्रिय नाबू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सँ-लुईच्या टॅक्सीवाल्याच्या हाती देते आहे. सोबत सुक्या मासळीचं पुडकं आहे. पत्र फाडायचं तर फाड, मासळी मात्र खा. दवाखान्यात पाळ्या करकरून तू अगदी वाळलीस, असं तुझी आत्या सांगत होती. नर्स झालीस म्हणून जेवायचं नाही असं कुठं असतं का?

माझं बरं चाललंय. बस थांब्याजवळ दुपारी मासे-भाताचं पातेलं घेऊन बसते आणि तळ दिसला की उठते. चेहरा मात्र तू पाहिलास तसाच आहे, उलट थोडा वाढलाच. कपाळ, नाकाच्या दोन्ही बाजू, हनुवटी, सगळं फिकट. पांढरं नाही गं, काळ्या अंगावर राखेचा हात फिरवावा तसं. गिऱ्हाइकं भातापेक्षा माझ्याकडेच जास्त बघतात. शेजारची अरामे तर एकदा पातेल्यामागे येऊन कुजबुजली, "मारेम, मलम कुठलं ते मला तरी सांग, मी काय गावभर करणार आहे का?" मी म्हटलं, बाई, मलम नाहीच. तर फुगून बसली. हिला एकटीलाच गोरं व्हायचंय असं तिला वाटलं. अजून माझ्याकडून भात नेत नाही.

तिचं काय घेऊन बसायचं, तूही तेच म्हणालीस. दोन वर्षं झाली त्या बकरी ईदला. तू सणाला आलीस, दारातच थबकलीस आणि म्हणालीस, "आई, तूसुद्धा?" शाळाशाळांतून पोरींना सांगत हिंडणारी तू, की त्या मलमांनी कातडं जळतं, रक्तदाब वाढतो, आणि घरात आईच अशी. तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार, ते मला कळत होतं. पण मी नाही म्हणाले ते तू ऐकलंच नाहीस. माझी पेटी उपसलीस, न्हाणीघर धुंडाळलंस, काही सापडलं नाही तर म्हणालीस, "कुठं लपवलंस ते सांग." मटण चुलीवर होतं. तू न जेवता बस पकडलीस. खूप लागलं नाबू मला. मलमाचं नाही, तू मला खोटारडी म्हणालीस त्याचं.

तुझा राग येतो असंही नाही. या गावात कुणाचाही चेहरा उजळला की आधी मलमच आठवतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं. इथल्या दवाखान्यातला माणूस मला बसायलासुद्धा न सांगता म्हणाला, "मावशी, आधी मलम बंद करा, मग या." बंद काय करू, कपाळ? दुसऱ्यानं बुरशीचं औषध दिलं. ते इमानानं लावलं, तर अरामे म्हणाली, बघा, आता सगळ्यांदेखत लावते. मग कानाला खडा लावला. डोक्याच्या फडक्याचं टोक पुढे ओढून बसायला लागले, लग्नाबारशाला जाणं सोडलं. तुझ्या चुलतभावाच्या लग्नातही मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

शेवटी तुझ्या आत्यानं हाताला धरून डाकारला नेलं, कातडीच्या डॉक्टर न्गोमबाईंकडे. बाई तरुण, पण घाई नाही. त्यांनी आधी चेहरा बघितलाच नाही, माझी बोटांची पेरं बघितली. मलम लावणाऱ्यांची पेरं काळीच राहतात म्हणे, बाकीचा हात उजळतो. माझा सगळा हात सारखाच. मग पाठ बघितली, तिथंही फिकट ठिपके, मला पत्ताच नव्हता. मग म्हणाल्या, "डोक्याचं फडकं काढा आणि वेण्या सोडा." डोकंभर बारीक बारीक वेण्या, त्या सोडायला अर्धी दुपार गेली, बाई मधेमधे येऊन बघून जायच्या. केसांच्या आत, टाळूवर, तोच फिकटपणा. बाई हसल्या. म्हणाल्या, "गोरं व्हायला कुणी टाळूला मलम फासत नाही." मी तिथंच रडायला लागले. त्यांना वाटलं, मी घाबरले.

घाबरले ते नंतर. कातडीचा एक वाईट रोग, कॅन्सरच, हुबेहूब असाच दिसतो, म्हणून बाईंनी मसुराएवढे तुकडे काढून तपासायला पाठवले. महारोग नाही हे, डागांवर कापसाचा बोळा फिरवून, स्पर्श कळतो का ते विचारून, आधीच पाहिलं होतं. निकाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. तुझा नंबर लावायचे आणि वाजायच्या आत बंद करायचे. निकाल चांगला आला. हा कोडाचाच एक विरळा प्रकार आहे, आपल्यासारख्या काळ्या माणसांतच बहुतेक दिसतो. रंग पुरता जात नाही, नुसता उतरतो, म्हणून डॉक्टरसुद्धा फसतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, जिवाला धोका नाही. औषधानं फारसा फरक पडेलसं वाटत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. चालेल मला. आता मी फडकं मागे सारून बसते.

आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. पुढच्या महिन्यात न्गोमबाई सँ-लुईला येणार आहेत, तिथल्या नर्सेसना हा रोग ओळखायला शिकवायला. तुमच्या दवाखान्यातल्या झाडून सगळ्या जणी येणार म्हणे. पडद्यावर माझे फोटो दाखवू का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, दाखवा, फक्त ही बाई खरं बोलत होती एवढं सांगा. माझी मुलगी तिथंच नर्स आहे हे त्यांना माहीत नाही, मी बोलले नाही. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी असेल, पण तू मला ओळखशील. उघडी पाठ, सोडलेले केस, आणि परक्या माणसांनी भरलेली खोली. तिथं तुला ते पहिल्यांदा कळू नये, चारचौघांत तुला रडू कोसळू नये, म्हणून आधी कळवलं. रडायचं ते घरी रडून घे. आणि तिथं कुणी विचारलं, ही बिचारी कोण, तर तुला वाटलं तर सांग.

तुझीच,
आई